रविवार धरत नाहीत

भस्म बुधवारच्या आदल्या दिवशी नवे पाळक दारोदार फिरले,
"गेल्या वर्षीच्या झावळ्या द्या, त्यांचीच राख करू."
आमच्या शरणपुरात ही रीत नव्हती.
कॅलेंडरमागून मी तुझा क्रूस काढला,
तुझ्याच हातांनी वळलेला,
वाळून सुतळीसारखा झालेला,
आणि देण्याआधी तुला विचारलं.
तू म्हणालीस, "असू दे."

एवढाच शब्द उरलाय तुझ्याकडे
सव्वीस जानेवारीच्या पहाटेपासून.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडाला धरला,
वाटाण्याएवढा डाग दाखवला,
म्हणाल्या, बोलणं इथे राहतं.
इथे राहत होतं, तबिथा,
भाजीवालीशी घासाघीस, स्तोत्रातला वरचा सूर,
धाकट्या भावाशी नऊ वर्षांचं भांडण,
माझं नाव.
आता, चहा? असू दे.
पंखा लावू? असू दे.
लेक पुण्याहून फोनवर रडते: असू दे, असू दे.

दरवर्षी या दिवसांत मी चहा सोडायचो,
तू मटण, आणि जावेला मारायचे टोमणे.
यंदा मी काहीच सोडलं नाही.
म्हटलं, त्याने नेलंय तेवढं पुरे.
चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो,
गीतांचं पुस्तक उघडतो,
तोंड उघडत नाही.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या मी.
म्हणून सांगतो, हे चाळीस दिवस चाळीस नाहीत.
बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत
बोटांवर मोजा, सेहेचाळीस भरतात.
पाळकांना विचारलं तर हसले,
"रविवार धरत नाहीत, पारखेदादा."
प्रेसमध्ये सहाचा असा फरक निघता
तर रात्रभर कुणाला घरी सोडलं नसतं.

चौथ्या आठवड्यात एका रात्री
लाईट गेलेली, अंथरूण तू ओलं केलेलं,
चादर ओढता ओढता मी त्याच्यावर ओरडलो.
पाणी तोडणाऱ्या घरमालकावर ओरडावं तसा.
शेजारच्या खिडकीत मेणबत्ती हलली.
काय काय बोललो, तुझ्यादेखत बोललो.
ऐकतोस की नाही?
आहेस तरी कोण तू?
अंधारातून, माझ्या कोपराजवळून आलं,
"असू दे."

तुझाच आवाज. जरा घोगरा.
ठाऊक आहे मला, तो डाग बोलतो,
काहीही विचारा, हेच बोलतो.
तरी ओली चादर हातात धरून
मी बराच वेळ उभा राहिलो,
चपलांसकट आत आल्याचं
उशिरा लक्षात आलेल्या माणसासारखा.

पाचव्या रविवारी पिंपळगावचा याकोब
काळ्या द्राक्षांची पाटी ठेवून गेला.
गारांनी चिरलेली, बाजारात न गेलेली.
"आजच संपवा, उद्या आंबतील."
फिजिओच्या मुलीने दिलेला रबरी चेंडू
पलंगाखाली गडगडला होता,
म्हणून तुझ्या उजव्या मुठीत एक मणी ठेवला
आणि पाणी आणायला वळलो.
मागे आवाज झाला. आवाज कसला,
ओली टिचकी.
बघतो तर बोटं मिटलेली,
मनगटावरून रस, उशीच्या अभ्र्यावर जांभळा ओघळ,
आणि तू त्या हाताकडे बघत होतीस
पाहुण्याकडे बघावं तशी.

सोमवारी काही नाही. मंगळवारीही नाही.
मुलगी म्हणाली, होतं असं कधी कधी,
फार आशा धरू नका काका.
औषधांच्या वहीत मी ते लिहिलं नाही.
कुठल्या तारखेला लिहू?
तो दिवस धरतच नाहीत.

आज झावळ्यांचा रविवार.
पोरं होसान्ना ओरडत गल्लीतून गेली,
एकाची झावळी विजेच्या तारेत अडकली.
मी एक पात आणलीय. क्रूस वळता येत नाही मला.
डाव्या हाताने तू टोक धरून ठेवलंस,
पुढचं मी चुकतोय, उलगडतोय, पुन्हा चुकतोय.
मग पात बाजूला ठेवली, अभ्रा काढायला घेतला,
डाग आठवडाभर तसाच आहे.
तू माझ्याकडे बघितलंस.
बोलायच्या आधीच मी हात मागे घेतला.