दहा सेंट

आमच्याकडे म्हणतात, आयुष्य डाइमवर वळतं.
डाइम म्हणजे दहा सेंट.
पाच सेंटच्या नाण्याहून अंगानं लहान, मोलानं दुप्पट,
कडेला बारीक दाते.
एवढ्याशा जागेत काय वळणार?
मांजरही वळणार नाही.

पण ऑर्व्हिल टोलेफसन रोज सकाळी सव्वासहाला
माझ्या काउंटरशी येऊन बसतो,
हातमोजे हीटरवर वाळत टाकतो,
आणि नवं कुणी आलं असेल,
एखादा लाकडाचा ट्रकवाला, दुलुथकडे जाताना वाट चुकलेला कुणी,
तर त्याला सांगतो.

मार्चचा दुसरा शनिवार.
तळ्यावरचा बर्फ वरून अजून पांढरा,
आतून शिळ्या पावासारखा भुसभुशीत.
मासेमारीचं खोपटं काठावर ओढून आणायला निघाले होते दोघं.
लीलँड चाकावर, हा शेजारी.
काठ सुटता सुटता याच्या खिशातून डाइम पडला.
थांब, म्हणाला. उतरला. वाकला.
तू हो पुढं, मी येतोच चालत.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच...

इथं तो नेहमी थांबतो
आणि कप पुढं सरकवतो.

मी ओतते.

होत्याचं नव्हतं व्हायला फार आवाज होत नाही म्हणे.
ट्रकचे मागचे दिवे पाण्याखालीही
थोडा वेळ लाल होते.
लीलँडनं ब्रेक दाबून धरला होता.

मग ऑर्व्हिल खिशातून तो डाइम काढतो, काउंटरवर ठेवतो.
ऐकणारा त्याला हात लावत नाही.
(दर वेळी तो वेगळा असतो.
मी त्यावरचं साल वाचलंय.)

अर्डिस, त्याची बायको, एकदा माझ्या मागच्या खोलीत
बटाटे सोलता सोलता म्हणाली,
कुठला डाइम नि कुठलं काय.
लघवीला उतरला होता तो.
त्या हिवाळ्यात दर वीस मिनिटांनी उतरावं लागायचं.
आणि सुरी तशीच हातात धरून
लोंबणाऱ्या सालीकडं बघत राहिली.

मी कुणाला बोलले नाही.
लीलँडची जॉइस दर रविवारी इथं वॅफल खायला येते,
तिला काय सांगायचं?
की तुझा नवरा आणि हा, दोघांच्या मधे
एका म्हाताऱ्या मूत्राशयाएवढंच अंतर होतं?
त्यापेक्षा नाणं बरं.
नाण्याला छापा असतो, काटा असतो,
कुणीतरी वर उडवलं होतं असं वाटायला जागा असते.

आज रविवार.
खिडकीजवळ एक विमा एजंट, नवा, टाय सैल केलेला.
ऑर्व्हिलनं सुरुवात केली.
थांब, म्हणाला, उतरला, वाकला, इथवर आला
आणि खिसे चाचपायला लागला. कोटाचे, पँटचे, पुन्हा कोटाचे.
सहा वर्षांत पहिल्यांदा
त्याच्याजवळ सुटे नव्हते.

जॉइसनं वॅफलवरचा काटा खाली ठेवला.
पर्स उघडली, एक डाइम शोधला,
त्याच्या कपाजवळ ठेवला,
बोटानं थोडा सरळ केला.
"हा घे," म्हणाली. "हाच होता तो."

कुणी काही बोललं नाही.
मी कप भरत होते, भरला होता, तरी भरत होते.

मग विमा एजंटनं हळूच विचारलं,
टॉयलेट कुठंय?

मागं, डावीकडं, म्हणाले मी.
तिघंही दुसरीकडं बघत होतो.