चौदा नंबरचा रॅक

डिसेंबरात या झाडाला हिवाळा द्यावा लागतो.
मुहर्रकमध्ये तो पुरेसा मिळत नाही.
म्हणून शमशूभाई परकार अकरा वर्षं
आपलं मेपल गोणपाटात गुंडाळून
सित्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेत,
चौदा नंबरच्या रॅकवर, बटाट्यांच्या मागे,
चार अंशांवर, अंधारात.
"सफरचंदांपाशी नको," म्हणत,
"पिकत्या फळाची हवा लागली
की झोपेतच कळ्या जातात."
रॅकवाल्यानं विचारलं, हे काय?
तर म्हणाले, आजारी माणूस आहे.

यंदा ते श्रीवर्धनला गेले, कायमचे.
झाड माझ्याकडे.
रॅकवाल्याची ओळख माझ्याकडे.
कागदावर सगळं लिहूनही दिलं होतं.
तो कागद मी इतका जपून ठेवला
की सापडत नाही.

फेब्रुवारीतला शुक्रवार. बाल्कनीत जुनी चादर,
तिच्यावर झाड, एकही पान नाही,
फक्त टोकांना फुगलेले लाल ठिपके,
डास चावल्यासारखे.
वर घातलेलं पाणी खाली उतरत नाही,
तळं करून बसतं,
आणि झाड कुंडीतून बोटभर वर आलंय
कुणी खालून ढकलल्यासारखं.

साबणाच्या डब्याला फोन टेकवलाय.
त्यात श्रीवर्धन हलतं, अडकतं, पुन्हा बोलू लागतं:
"कळी फुगलीय ना? उघडली नाही ना?
मग आजच. पान उघडल्यावर
मुळाला हात लावायचा नाही.
मी एकदा लावला. डाव्या अंगाला गाठ बघ,
तिथं फांदी होती."
बघते. आहे.
इतके दिवस वाटायचं, मुद्दाम घडवलीय.

खालच्या तारा कापते. कडेनं सुरी फिरवते,
भांड्यातून खरवस सोडवावा तशी.
आणि ते बाहेर येतं
कुंडी नसताना कुंडीच्याच आकाराचं.
एक विमान इतक्या खालून जातं
की चाकं मोजता यावीत.
आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं थांबतो.

"आता विंचर. खोडापासून बाहेर. ओढू नको."
चायनीजच्या पार्सलमधली काडी घेते.
रोज चाळीस जणांचं रक्त काढते मी, हात हलका आहे,
पण इथं घाम फुटतो.
"तळातलं जाड मूळ काप, ते नुसतं फिरत राहतं.
पांढरी, केसासारखी राखायची, पितात ती तीच.
एकूण तिसरा हिस्सा जाऊ दे."
कात्री हातात घेऊन
मी त्या तिसऱ्या हिश्शासमोर बसून राहते.

शीजा कॉफी घेऊन येते, बघते, आत जाते.

कापल्यावर मला राहवत नाही.
म्हणते, शमशूभाई, आपल्यासारखंच की हो हे,
उपटलेलं, छाटलेलं, परक्या मातीत...
"छे!" ते म्हणतात. "झाड घरी पैसे पाठवतं?
झाडाचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो?
उपमा देत बसू नको, तार घट्ट बांध.
हललं तर नवी मुळं तुटतात."

बांधते. चाळलेली माती, धूळ काढलेली,
काडीनं सारत सारत
मुळांमधल्या पोकळ्यांत भरते,
काडी आत जाईनाशी होईपर्यंत.
"पाणी नळाचं नको हं, खारं आहे."
नळाचं नाही. ऑक्टोबरचं आहे,
एसीच्या नळीखाली धरलेलं, अठरा बाटल्या,
प्रत्येकीवर तारीख.
शीजा म्हणते, लोक अत्तर साठवतात.

कुंडीच्या भोकांतून आधी चहाच्या रंगाचं येतं,
मग फिकं.
"स्वच्छ येईपर्यंत ओत," ते म्हणतात,
"मग महिनाभर सावली. खत नाही.
शमाल सुटला तर आत घे.
आणि कापलेली मुळं टाकू नको इतक्यात,
दाखव जरा."
मी फोन खाली धरते, चादरीवरून फिरवते.
ते काही बोलत नाहीत,
किंवा नेटवर्क गेलंय.

सातव्या बाटलीला पाणी स्वच्छ येतं.

रविवारी ड्युटी संपली की सित्र्याला जायचंय.
रॅकवाल्याला सांगायचं,
माणूस उठलाय,
जागा बटाट्यांना दे.