तिथीची पाऊणपट

आठवीच्या पुस्तकात भरती-ओहोटीची आकृती आहे:
निळी पृथ्वी, पिवळा चंद्र, तुटक बाण.
ती फळ्यावर काढून मी सवयीनं म्हणालो, "बघा."
पहिल्या बाकावर झुलेखा होडेकर
मान जराशी कलती करून
खडूचा आवाज ऐकत होती.
"सर, बाण कुठून कुठे गेला?"
मी सांगू लागलो, आणि सांगताना कळलं
की बाण तसाच का जातो
ते मलाही धड माहीत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट.
त्यात सूक्ष्मदर्शक, भिंगावर बुरशी,
ओल लागून ढेकूळ झालेलं मोरचूद,
आणि जिल्ह्याहून आलेला बोलणारा टॅब.
त्याला बोलायला रेंज लागते.
रेंज आमच्याकडे देवळामागच्या कातळावर,
तीही वारा पडल्यावर.

आवडाबाय शाळेची खिचडी शिजवते,
उरल्या वेळात जाळी सांधते.
दारातूनच हसली.
"ह्याका चित्र कित्याक व्हया?
तिथीची पाऊणपट करा. अष्टमीक सहा वाजता
खाडी भरलेली."
झुलेखानं बोटांच्या पेरांवर मोजलं.
"मग चतुर्थीला तीन," म्हणाली,
आवडाबायचं तोंड उघडायच्या आत.

आम्ही जेट्टीच्या खांबाला पाईप बांधला,
कुणाच्या तरी न्हाणीघराचा उरलेला.
आत जाळ्याचा बोया, वर बझर;
पाणी वीतभर चढलं की एक टीप.
अष्टमीला सहा वाजले, सहा वाजून गेले.
टीप येतच होती.
सातला थांबली.
"पाईप चुकला," प्रल्हाद जुवाटकर म्हणाला.
"आवडाबाय चुकली," मागून कुणीतरी, हळूच.
मी गप्प. अशा वेळी सरांनी काय म्हणायचं
ते शिक्षक-हस्तपुस्तिकेत नव्हतं.

पुढच्या अष्टमीला खाडीच्या तोंडाशी,
विजयदुर्गच्या धक्क्यावर,
झुलेखाच्या मामूनं दुसरा पाईप धरला.
दर अर्ध्या तासाला त्याचा फोन.
फोन कातळावर नाझिमकडे,
तिथून आकडा ओरडत खाली,
मधे दोन पोरं, एक कुत्रा,
आणि मग आमच्या पडवीत.

माशांच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण.
अर्ध्या तासाला एक टाचणी पुढे,
पाणी असेल तेवढी वर.
तोंडाकडच्या टाचण्यांना नायलॉनचा दोरा, गुळगुळीत;
आमच्या जेट्टीच्या टाचण्यांना सुती, खरबरीत.
गाठी आवडाबायच्या. जाळ्यासारख्या,
न सुटणाऱ्या.

झुलेखानं दोन्ही हात ठेवले.
डावा नायलॉनवर, उजवा सुतीवर.
चढली, चढली.
डावा हात माथ्यावर थांबला.
उजवा अजून चढत होता,
एक टाचणी, आणखी एक,
मग तोही थांबला.
बराच वेळ ती तशीच बसून राहिली.
आम्हाला वाटलं, चुकली.

"दोन्ही बरोबर आहेत," ती म्हणाली.
"पाण्याला आत यायला वेळ लागतो.
तो हा. माझ्या दोन बोटांच्या मधला."

आवडाबायनं पळी खाली ठेवली.
"माझो सासरो तोंडावरचो," ती म्हणाली.
"हिशोब थयलोच."

त्यानंतर सगळ्यांना ते झाकण हवं झालं.
प्रल्हाद डोळे मिटून बसला
आणि साडेचारच्या टाचणीशी भरकटला,
बोट टोचून घेतलं, पुन्हा बसला.
तपासणीला आलेल्या साहेबांच्या अर्जात
'उपकरणे' असा रकाना होता.
मी लिहिलं: झाकण, एक.
त्यांनी विचारलं, कसलं?
कपाट उघडलं तर बांगड्याचा वास
आणि मुंग्यांची रांग.

काल झुलेखानं विचारलं,
"पावसात नदी उलटी रेटते, तेव्हा
ही दोन बोटं जवळ येतात की लांब जातात?"
मला माहीत नाही.
तारीख घालून वहीत उतरवलं आहे.
'बघा' म्हणायची माझी खोड
अजून गेलेली नाही.
ती लगेच हात पुढे करते.
"बघते, सर. झाकण द्या."