दुसरी बाजू

डोकं दुखतंय म्हणून गेले, तिने मानच धरली.
कर्वे रोडची फिजिओ, माझ्या भाचीएवढी.
कवटीखाली दोन बोटं रुतवली
आणि उजव्या डोळ्यामागे
रोज चारला ठोकला जाणारा खिळा,
त्याचं टोक तिथे निघालं.

"काय करता?"
फॉल-बिडिंग. बावीस वर्षं.
लग्नसराईत दिवसाला तीस साड्या.

"हनुवटी आत. आता हळूच वर बघा."
वर?
आमच्यात मान वर करून बोललं
की हे ताट सरकवायचे.

आता दर पाच साड्यांनी सुई खोचते,
मान मागे टाकते. कटकट वाजते.
खिळा येतो अजून, पण उशिरा, सहाला वगैरे.

नारायण पेठेतल्या या दुकानाच्या तुळईवर
पेन्सिलीने लिहिलंय:
रंगारी शिंगाडे, १९९१.

बिचारा.
त्याची दुसऱ्या बाजूने गेली असणार.