बेचाळीस हजारांत

इस्माईल मुकादम कतारला जायच्या आदल्या दिवशी
चावी हातात ठेवून म्हणाला,
"वत्सलाताई, गाडीला मच्छीचा वास आहे. तो जायचा नाही.
त्याचे दोन हजार कमी केलेत."
म्हणजे बेचाळीस.

लिंबं ठेवून बघितली, कापूर ठेवला,
सहा वर्षांत वास तसाच. मीच बदलले.
आता काच वर केली की
घरी आल्यासारखं वाटतं.

रंग कागदावर पिस्ता.
खाऱ्या वाऱ्यानं त्याचं जे काय केलंय
त्याला अजून नाव पडलेलं नाही.
मागचं डावं दार आतूनच उघडतं,
पुढचं डावं बाहेरूनच,
आणि उजवीकडे वळताना हॉर्न आपणहून वाजतो,
त्यामुळे पाजपंढरीपासून अंजर्ल्यापर्यंत
सगळ्यांना कळतं, पिग्मीवाली आली;
ज्यांना त्या दिवशी पैसे भरायचे नसतात
ते वेळेवर मागल्या दारानं
माडांना पाणी घालायला जातात.

पायाशी पत्रा कुजून भोक पडलंय.
घेतली तेव्हा रुपयाएवढं होतं, आता पुरीएवढं.
त्यातून रस्ता वाहताना दिसतो,
डांबर, मग जांभ्याची लाल माती, मग शिंपल्यांचा चुरा.
एकदा दहाचं नाणं गेलं त्यातून, मुर्डीच्या उतारावर.
वहीत दहा कमी.
दुसऱ्या दिवशी तिथेच थांबून शोधलं.
मिळालं.
दादू मिस्त्री म्हणतो, वेल्डिंग मारूया.
मी म्हणते, बघू.

शेजारच्या प्रसन्ननं पांढरी घेतली, मोठी, सात वर्षांच्या हप्त्यांची.
रात्री तिला चादर घालतो,
मांजर टपावर बसलं तर काठी घेऊन धावतो.
तेच मांजर माझ्या मागच्या सीटवर व्यायलं.
तीन पिल्लं. दोन आठवडे
ओळीनं सगळ्या गावांना फिरून आली ती,
हॉर्न वाजला की डोळे मिटायची.

आणि फणस.
भर दुपारी टपावर असा आदळला
की मला वाटलं बंदरात काहीतरी फुटलं.
टपाला परातीएवढा खोलगा.
दुसरी कुठली गाडी असती तर मी रडले असते,
विमेवाल्याला फोन केला असता, झाडाच्या मालकाशी भांडले असते.
फणस कापला. कापा निघाला, मधासारखा.
मालकाला अर्धा दिला.
खोलग्यात आता पहाटेचं दंव साठतं
आणि एक बुलबुल येतो.

दाभोळच्या धक्क्यावर परवा
चिऱ्यांचा ट्रक चढला, दोन टेंपो चढले,
फेरीबोटीत एका म्हशीएवढी जागा उरली.
पुण्याच्या गाड्या रांगेत, एसी चालू.
बोटवाल्यानं हात उंच केला:
"ती आठशे येऊ दे पुढं!"
रांगेतल्यांनी बघितलं. मी आरशात बघितलं;
आरसा एकच आहे, तोही वाकडा,
त्यात मला माझाच कान दिसतो.
गेले. दोन्ही बाजूंना बोटभर अंतर,
दार उघडायची सोयच नाही.
मग खाडीभर मी गाडीत बसून
आणि गाडी बोटीत बसून,
आम्ही दोघी कोणीतरी आपल्याला नेतंय
याचं सुख घेत राहिलो.

इस्माईलचा फोन येतो कधीमधी, शुक्रवारी.
उन्हाचं बोलतो, पोरीच्या शाळेचं बोलतो.
मग विचारतो, "ती कशी आहे?"
मी काही सांगत बसत नाही.
अंगणात जाते, बॉनेट उघडते,
स्टार्टर मारते, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागते,
आणि फोन इंजिनाजवळ धरते.

बराच वेळ तिकडून काही नाही.
मग म्हणतो,
"टॅपेट वाजतायत.
दादूला सांगा."
आणि तरी ठेवत नाही.