घटक चौथा

पेपर तिसरा, घटक चौथा : सामाजिक परिवर्तन.
सोळा गुणांना हमखास येतो.
अकरा वर्षं मी तो तासिका तत्त्वावर शिकवतो,
म्हणजे परिवर्तनाचे मला तासाला पैसे मिळतात,
तेही मार्च सरल्यावर, मिळाले तर.

लातूर सुटलं की माळावर आमचं उपकेंद्र.
टँकर येतो त्या दिवशी झाडं हिरवी,
एरवी नुसते फलक.

विभागात बारा कप, बशांवर बदामी फुलं.
तेरावा खिडकीत, गजांच्या पलीकडे,
कान तुटलेला.
तो धुरपताबाईचा.
हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही.
नवा शिपाई आला, त्यालाही आपोआप कळलं,
जसं नव्या सुनेला कळतं
कुठल्या फळीवर हात टाकायचा नाही.

मीही पाहिला होता तो कप.
पाहिला म्हणजे, ऊन पाहतो तसा.
माझ्या आईचा पेला देशमुखाच्या गोठ्यात
कोनाड्यात उपडा असायचा.
तो विसरण्यासाठी मी सेट झालो, पीएचडी झालो,
शर्ट खोचायला शिकलो.

मग अर्शिया पठाण. दुसरं वर्ष, राहणार औसा.
मी अडथळे सांगत होतो.
तिनं विचारलं, सर, उदाहरण?
मी कुठलंतरी उत्तरेकडचं दिलं.
ती खिडकीकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत
गजांतून हात घालून तिनं कप काढला,
विसळला, चहा ओतला, प्यायली.
कान नाही म्हणून बोटं भाजली तिची.
परवा मुखेडच्या तांड्यावरचा बळीराम.
मग रांगच लागली त्या एका कपासाठी.
विभागप्रमुख म्हणाले, काय नाटक आहे.
कुणीतरी फोटो काढला,
कुणीतरी नाव दिलं : अभियान.

धुरपताबाई झाडू टेकवून बघत उभी.
"माझा कप कामून उष्टा करायलाव?"
सगळे हसले. ती हसली नाही.
"ह्यात मी च्या पेते तवा मला कुणी काम सांगत न्हाई.
पाच मिन्टं. तेवढीच माझी.
अन् एवढा पुळका असल
तर त्या कंत्राटदाराला इचारा.
चार म्हैने झाले.
अंगठा तर रोज लावून घेतोय,
पैशावर कुणाचा अंगठा बसलाय?"

वर्ग गप्प.
घटक चौथ्यात हे नव्हतं.
कप सोपा होता.

पुढं जे झालं ते फोटोत येण्यासारखं नव्हतं.
हजेरीच्या झेरॉक्स. माहितीचा अर्ज.
वित्त विभागाच्या बाकड्यावर आठ दुपारी.
बळीरामला वसतिगृहाची नोटीस.
अर्शियाच्या अब्बांना फोन : मुलीला समजवा.
अब्बा म्हणाले, समजावूनच पाठवलंय.
निम्मी पोरं परीक्षेच्या नावाखाली गळाली.
त्यांना काय बोलू,
निवेदनावर सही करताना
मीही पेन सापडत नाही म्हणालो. दोनदा.
तिसऱ्यांदा धुरपताबाईनंच पेन दिला,
झाडताना सापडलेला, बिनटोपणाचा.

दोन महिन्यांचे आले. दोन बाकी.
माझे सगळेच बाकी.
"सर, तुमचं झालं का?" ती विचारते अधूनमधून,
आणि माझ्या ध्यानात येतं,
आमच्या दोघांचे कागद
एकाच टेबलावर अडलेत.

कप आता आत असतो, बाराच्या रांगेत तेरावा.
ती मात्र अजून पायरीवरच पिते.
सवय म्हणा,
नाहीतर आमचा भरवसा नाही म्हणा.

काल मी माझा कप घेऊन पायरीवर गेलो.
ती जराशी सरकली.
जागा केली की लांब झाली, कळलं नाही.
विचारणार होतो.
पण ती पाच मिन्टं तिची होती.