हात सैल सोडा

प्रतापराव, हात सैल सोडा.
अजून सैल.
बाकावर कुणी विसरून गेलेला हातमोजा असावा, तसा.
सुई बारीक आहे, थोडी झोंबेल,
पण तिच्यातून मी काही आत सोडत नाही,
ऐकते फक्त.

सयाजीगंजातल्या या खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो,
ट्यूबलाइटही,
नाहीतर तीच गुणगुणते पडद्यावर.

निरोगी स्नायू सैल सोडला की काही बोलत नाही.
सरळ हिरवी रेघ.
शिकत होते तेव्हा वाटायचं,
हे त्याचं जन्माचं मौन:
हुकूम आला की उठायचं,
एरवी पडून राहायचं.

तुमचा मात्र बोलतोय,
अंगठा आणि तर्जनीच्या मधला.
ऐका,
तापल्या तेलात चिमूटभर मोहरी,
तड तड तड, एका लयीत,
आणि स्वयंपाकघरात कुणीच नाही.

“मी तर काहीच करत नाहीये, ताई.”
माहीत आहे.

वासी उत्तरायणाला, फतेगंजच्या पुलावर
कापलेल्या पतंगाची दोरी स्कूटरपुढे आली,
तुम्ही गळ्यासाठी हात वर केला
आणि काचेच्या मांजानं मनगट उसवलं.
टाके सुरेख पडलेत.
नसही जोडली दुर्बिणीखाली.
पण टाक्याच्या पुढचा तंतू मरून जातो,
मागचा येतो त्याच्या रिकाम्या नळीतून
चाचपडत,
दिवसाला एक मिलिमीटर.

तोवर इकडे काय होतं, सांगू?
नस होती तेव्हा स्नायूच्या धाग्याला कान एकच,
ती जिथे टेकायची तिथे,
डोळ्यांना दिसणारही नाही एवढा.
बाकीचं अंग बहिरं, निवांत.
नस गेली
आणि त्याला अंगभर कान फुटले.
आतबाहेरचा विजेचा फरक
ऐंशीवरून साठावर उतरला;
कडी निघालेलं दार,
आता वाऱ्यानंही उघडतं.
मग तो दचकत राहतो
कुणी न मारलेल्या हाकेला.

म्हणजे हुकूम नसायचे त्या दिवसांतही
ती काहीतरी ठेवून जायची उंबऱ्यावर.
काय, ते अजून पुरतं कुणाला ठाऊक नाही.
त्याच्यावर हा गप्प राहायचा.
एकोणीस वर्षं मी सरळ रेघ बघून
‘नॉर्मल’ लिहीत आले.
तिची राखण कोण करतं
यासाठी फॉर्मात रकाना नाही.

कागद धरा चिमटीत. मी ओढते.
सुटला.
तुम्ही कागदाकडे नाही, बोटांकडे बघता.
दांडिया बाजारच्या प्रदर्शनात
तुमच्या रांगोळीतल्या म्हातारीच्या
पापण्या मी मोजल्या होत्या, एक एक.
“आता रेघ निघत नाही हो,” तुम्ही म्हणता,
“सांडते.”

*

जूनमध्ये परत आलात.
तळव्यात खड्डा तसाच. मोहरी विरळ.
मध्येच एखादा दाणा, उशिरा आठवल्यासारखा.

चिमूट करा, प्रतापराव.
नाही, नुसती बोटं जुळवू नका,
रांगोळी धरा.
काळी. बुबुळासाठी.
तुम्ही डोळे मिटलेत.
कपाळावरची शीर फुगली,
डावा हातही उगाच वळला मदतीला,

आणि पडद्यावर
बुटकी, दातेरी, लडखडती
एक लाट आली.
थांबली. पुन्हा आली, तुम्ही बोलावलीत म्हणून.

“आली?”
एक.
तुम्ही बराच वेळ त्या हिरव्या पडद्याकडे बघत राहिलात.
“पण काळी नव्हती,” म्हणालात, “करडी निघाली.”
करडी चालेल, मी म्हटलं.
आता हात पुन्हा सैल सोडा.

ते मात्र तुम्हाला जमेना.